सस्तेबाईंची झील

सस्तेबाईंना गाण्यातलं काही कळत नव्हतं. हे मी त्यांच्या माघारी सांगते आहे असं कुणी समजू नये. त्या स्वतःच सांगत. "सूर म्हणजे काय आणि ताल म्हणजे काय, मला दोन्हीतला फरक अजून कुणी समजावलेला नाही," असं त्या इतक्या ठसक्यात म्हणत, की गायनाच्या चार परीक्षा पास झालेल्या बाईलाही तो ठसका जमला नसता. आणि तरीही दर वर्षी भाताची झोडणी आटोपली, की खालापूरच्या अलीकडच्या माळावर लोकगीतांचा जो मेळावा भरे, त्याला जायचा पहिला घोशा त्यांचाच असे.

ही सत्तरच्या आसपासची गोष्ट. त्या कर्जतला सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, आणि आमची तिसरी मैत्रीण नलू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. सस्तेबाई आमच्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या. कर्जतलगतच्या भिसेगावात आमची बिऱ्हाडं शेजारी शेजारी होती. त्यांचं माहेर फलटणकडचं, एवढंच आम्हाला ठाऊक. लग्न झालं होतं की नाही, झालं असेल तर पुढे काय झालं, हे विचारायची आमची छाती नव्हती. साऱ्या तालुक्याला खासगीतले प्रश्न विचारायचा हक्क त्यांना होता. त्यांना विचारायचा कुणाला नव्हता.

उंचीनं बेताच्या, अंगानं भरलेल्या. पांढरं पातळ घोट्याच्या चार बोटं वर, पायात पुरुषी वहाणा, आणि चालणं असं की मागून येणाऱ्याला वाटावं, पुढे कुठे तरी आग लागलीय. खांद्याला खाकी पिशवी. तिच्यात कात्री, कापूस आणि टिंक्चरची बाटली यांच्या शेजारी उकडलेल्या शेंगा आणि पेरू सुखानं नांदत. पेरूला टिंक्चरचा वास येतो अशी तक्रार नलूनं एकदा केली. "मग किडणार नाही पोटात," असं उत्तर मिळालं.

"आडनाव सोडलं तर बाईंचं काही सस्त्यात नाही," असं नलू म्हणायची. खरंच होतं ते. त्या प्रत्येक गोष्टीत पडत, आणि पूर्ण पडत.

गाणं कळत नसताना त्या मेळाव्याला कशाला येत, याचा उलगडा मला पहिल्याच वर्षी झाला. त्या गाणं ऐकत नसत. गाण्यात काय घडलं, ते ऐकत. एखादी सून पाण्याला गेली, वाटेत तिला नणंद भेटली, घागर फुटली, असं काही गाण्यात आलं, की आम्ही चाल कशी वळली त्यात गुंगलेल्या असू आणि सस्तेबाई माझ्या दंडाला धरून विचारत, "पुढं काय झालं? घरी कोण बोललं तिला?" आणि गाणारे तिथेच थांबून दुसऱ्या गाण्याकडे वळले, तर त्यांना ते मुळीच खपत नसे. अर्धी राहिलेली केस त्यांना कधीच आवडली नाही. याउलट नलू. तिच्या नोकरीत दिवसभर कानावर अर्धीमुर्धी बोलणी पडायची आणि पुढे काय झालं हे विचारायचं नाही, हाच तिथला पहिला नियम होता. त्यात ती पेटी शिकलेली. या दोघींच्या मध्ये मला बसवलं जाई.

सस्तेबाईंच्या गळ्याविषयी एकदा सांगितलंच पाहिजे. वॉर्डात नुकतं जन्मलेलं एखादं मूल रडायला लागलं, की त्यांना मनापासून अंगाईची ऊर्मी येई. त्यांनी तोंड उघडलं की ते मूल क्षणभर गप्प व्हायचं, बहुधा दचकून, आणि मग बाकीची सगळी मुलं एकदम रडू लागायची. बाळंतिणी कळवळून म्हणत, "शिस्टरबाय, तुमी नुसतं थोपटा त्याला." स्वातंत्र्यदिनाला दवाखान्यात झेंडावंदन असे. राष्ट्रगीत सुरू व्हायच्या बेताला येताच डॉक्टर म्हणत, "सिस्टर, जरा उकळायला ठेवलेल्या भांड्याकडे बघून येता का?" सलग सहा-सात वर्षं ते भांडं नेमकं त्याच वेळी उकळायला ठेवलेलं असे. सस्तेबाईंना हे कळत नव्हतं असं नाही. "डॉक्टर माणूस सज्जन आहे," त्या म्हणत. "तोंडावर सांगत नाही."

मेळाव्याला जायचं म्हणजे रविवारी सकाळी कर्जतहून चौकपर्यंत एसटी, आणि तिथून जो टेंपो थांबेल तो. माळावर विजेची सोय नव्हती म्हणून सगळा कार्यक्रम उन्हातच, सकाळी दहापासून दिवस मावळेपर्यंत. बांबूंवर ताडपत्र्या टाकून मांडव घातलेला, पुढे लाकडी फळ्यांचं व्यासपीठ, बॅटरीवर चालणारा एक लाउडस्पीकर. गावोगावची मंडळी बैलगाड्यांतून उतरत. ठाकर आदिवासींच्या वाड्यांवरून ढोल घेऊन नाचणारे येत, भजनी येत, शाहीर येत. कुणी आपला डफ उन्हात तापवत बसलेला, कुणी झाडाखाली भाकरी सोडलेली.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा बायकांसाठी राखलेली जागा भरून गेली होती. दोराजवळ कबड्डीच्या संघातला एक आडदांड गडी उभा होता. तो म्हणाला, "मागं बसा बाई, फुडं जागा नाय."

सस्तेबाईंनी त्याच्याकडे खालून वर पाहिलं. "तू वावर्ल्याच्या भागीचा ना रे? दुसरा?"

"व्हय."

"पायाकडून आलास तू. चौदा तास आईला छळलंस. मी दोन्ही पाय धरून बाहेर ओढलाय तुला, आणि तू मला मागं बसवतोस?"

आजूबाजूचे सगळे हसले. गडी कानापर्यंत लाल झाला, आणि दोर उचलून उभा राहिला. पुढे बसलेल्या बायका आपोआप सरकल्या, कारण त्यांतल्या निम्म्याअधिक जणींचे पायही बाईंनी असेच कधी ना कधी पाहिले होते. आम्हा दोघींना ते फार ओशाळवाणं वाटलं. पण खोटं कशाला सांगू, पुढल्या वर्षापासून आम्ही उशिरा निघायला लागलो.

त्याच दिवशी दुपारी शाहिराचा प्रसंग घडला. शाहीर चांगला तयारीचा होता. मांडव त्यानं मुठीत घेतला होता. पोवाड्यात एक बाई होती, नवरा गडावर अडकलेला, त्याला सावध करायला ती एकटी जंगलातून घाट चढून जाते. शाहिरानं डफावर थाप मारून, हात पसरून सांगितलं की तिला नववा महिना लागला होता.

सस्तेबाई उठून उभ्या राहिल्या.

"अहो शाहीर! नववा म्हणालात?"

डफ थांबला. लाउडस्पीकरची खरखर तेवढी ऐकू येत होती. नलूनं पदर तोंडावर घेतला.

"नववा," शाहीर म्हणाला.

"आणि एकटी? घाट? बरोबर कोण होतं तिच्या?"

शाहीर पोटापाण्यासाठी गावोगाव फिरलेला माणूस. त्यानं क्षणभरच विचार केला. "सासू होती बाई बरोबर."

"मग सासूनं जाऊ कसं दिलं तिला?"

मांडवात हशा उसळला. शाहीरही हसला. त्यानं डफ वर घेतला आणि तिथल्या तिथे चार ओळी जुळवल्या: सासू पुढे चालते, काटे बाजूला सारते, सुनेला म्हणते, जपून टाक गं पाऊल, दोन जिवांची आहेस. "हां," सस्तेबाई म्हणाल्या, "आता ठीक आहे. म्हणा पुढं," आणि खाली बसल्या. गंमत पुढेच आहे. दुसऱ्या वर्षी तोच शाहीर तोच पोवाडा घेऊन आला, तेव्हा सासू त्यात पहिल्यापासून होती, आणि तिच्या वाट्याला अख्खं एक कडवं आलं होतं. तेवढ्याच कडव्याला टाळ्या पडल्या. "बघ, सुधारणा झाली," सस्तेबाई माझ्या कानात म्हणाल्या.

इतकं असूनही मेळाव्यातला एक कार्यक्रम असा होता, की त्या वेळी बाई तोंडातून अवाक्षर काढत नसत. तो म्हणजे हिराबाय आणि येसूबाय यांचा धवला.

आमच्याकडच्या गावांत लग्न लागायचं ते धवलारणीच्या गाण्यांवर. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं ती गाते, त्यालाच धवला म्हणतात. खालापूरकडच्या एका गावातल्या या दोघी सख्ख्या शेजारणी, दोघींनी मिळून तीसेक वर्षं लग्नं गायलेली. हिराबाय ओळ म्हणायची, येसूबाय तीच ओळ मागून उचलायची, म्हणजे झील धरायची. हिराबायचा आवाज चिरका आणि उंच, येसूबायचा जाड. नलू म्हणायची, एकीनं सुई ओवावी आणि दुसरीनं टाका घालावा, तसं चालतं. सस्तेबाईंना त्यातलं काय कळत असेल देव जाणे, पण त्या दोघींच्या घरच्या सगळ्या बाळंतपणांना त्याच गेल्या होत्या, आणि हिराबायच्या ओट्यावर बसून त्यांनी किती धवले ऐकले असतील याला हिशेब नव्हता. "त्यांच्या गाण्यात माणसं मध्येच सोडून देत नाहीत," असं त्यांचं मत होतं.

मग येसूबाय आजारी पडली. पोटात गाठ होती. सस्तेबाईंनी तिला मोठ्या दवाखान्यात, मुंबईला न्यायला लावलं. येसूबाय जायला तयार नव्हती, हिराबायही नको म्हणत होती. पण सस्तेबाईंनी एकदा ठरवलं की ठरवलं. गाडी त्यांनीच आणली, आत त्यांनीच बसवलं. बारा दिवसांनी येसूबाय तिकडेच वारली. सस्तेबाई भेटायला म्हणून गावात गेल्या, तेव्हा हिराबायनं त्यांना पाहून दार लावून घेतलं.

त्यानंतर दोन वर्षं बाई त्या गावच्या वाटेला गेल्या नाहीत. बाळंतपण निघालं तर दुसऱ्या नर्सला पाठवत. मेळाव्यालाही दोन वर्षं हिराबाय आली नाही. आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. जे थोडं कळलं ते एसटीतल्या बायकांकडून.

तिसऱ्या वर्षी कार्यक्रमाचा कागद नलूच्या हाती लागला, आणि त्यात हिराबायचं नाव होतं. सस्तेबाईंनी कागद वाचला, घडी घातली, आणि म्हणाल्या, "यंदा मी येत नाही." रविवारी सकाळी मात्र आमच्या आधी त्याच येऊन स्टँडवर हजर होत्या. पातळ नवं होतं. पुढच्या जागेचा आग्रह त्या दिवशी त्यांनी धरला नाही. आम्ही तिघी मांडवाच्या कडेला बसलो, एका बांबूच्या आडोशाला.

हिराबाय दुपारी उभी राहिली. वाळून अर्धी झाली होती. संयोजक मंडळींत त्या वर्षी नवे एक गृहस्थ आले होते, हातात घंटी घेऊन बसत आणि प्रत्येकाला सात मिनिटं देत. धवला सात मिनिटांत कसा बसणार? पण हिराबायला ते कुणी नीट सांगितलं नसावं. तिनं माईककडे संशयानं पाहिलं, जरा बाजूला सरकली आणि सुरू केलं.

मांडवाच्या दारी कोण उभी गं, कोण उभी?
नवरीची मावशी उभी गं, मावशी उभी.

गरीब मावशीचं गाणं होतं. लग्नाचं आमंत्रण द्यायचं राहून गेलंय, तरी ती आलीय, आणि बोलावल्याशिवाय आत यायचं नाही म्हणून दाराशी उभी आहे. हिराबाय एक ओळ म्हणे आणि थांबे. दुसरी ओळ म्हणे, थांबे. आधी मला वाटलं दम लागतोय. मग सस्तेबाईंचा हात माझ्या मनगटाभोवती आवळला.

"ती येसूची जागा सोडते आहे," त्या म्हणाल्या.

तसंच होतं ते. प्रत्येक ओळीनंतर जेवढ्या वेळात झील यायची, तेवढा वेळ हिराबाय गप्प राहत होती. सवयीनं की मुद्दाम, कुणास ठाऊक. मांडवात चुळबुळ सुरू झाली. घंटीवाल्या गृहस्थांना वाटलं, म्हातारी ओळी विसरतेय. त्यांनी जरा वाट पाहिली, आणि मावशी दाराशी उभी असतानाच घंटी वाजवली. "धन्यवाद, धन्यवाद," ते माईकवर म्हणाले. "वयोमानामुळे आजींना आठवत नाहीये, पण त्यांचा उत्साह बघा."

हिराबायनं त्यांच्याकडे पाहिलं. फळ्यांवरून खाली उतरली, आपलं गाठोडं उचललं आणि मांडवाबाहेर चालू लागली.

सस्तेबाई उठल्या. मला वाटलं, आता त्या व्यासपीठावर चढून त्या गृहस्थांची हजेरी घेणार. नलूनं तर डोळेच मिटून घेतले. पण बाई तिकडे वळल्याही नाहीत. माळाच्या टोकाला एक आंब्याचं झाड होतं, तिथे हिराबाय जाऊन टेकली होती. बाई तिकडे निघाल्या. नेहमीसारख्या धावत नाहीत, सावकाश. आम्ही मागोमाग गेलो, आणि थोड्या अंतरावर उभ्या राहिलो.

हिराबायनं वर पाहिलं. "आलीस?"

"आले."

"दोन वरसं आली नायस."

"तुम्ही दार लावून घेतलंत."

"लावलं. मंग? तू पुन्ना वाजवलंस का?"

साऱ्या तालुक्याला उत्तरं देणाऱ्या सस्तेबाईंनी खांद्याची पिशवी काढून खाली ठेवली.

"गाडीत घालताना येसू तुला म्हणत व्हती, मला नको नेऊस," हिराबाय म्हणाली. "माझ्या म्होरं म्हनली. तू आयकलं नायस."

"नाही ऐकलं."

"हितं वाचली असती का?"

"नाही," सस्तेबाई म्हणाल्या. "इथंही वाचली नसती. गाठ फार वाढली होती."

"मंग हितं मेली असती गं. माझ्यापाशी."

मांडवातून ढोल वाजायला लागला होता. बाई उभ्या होत्या त्या खाली मातीत बसल्या, नव्या पातळासकट. मग म्हणाल्या, "ते मला तेव्हा सुचलंच नाही, हिराबाय. मला वाटलं, काहीतरी केलं पाहिजे. नुसतं जवळ बसणं मला येत नाही." आणि पदरानं नाक पुसलं. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. रडणं काही त्यांना नीट जमलं नाही. शिंक येतेय असं वाटत होतं.

हिराबाय त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिनं गाठोडं सोडलं, चंची काढली, पानाला चुना लावून बाईंच्या हातात दिलं. बाई पान कधी खात नसत. त्यांनी ते तोंडात टाकलं, आणि तोंड भरलेलं असतानाच विचारलं,

"त्या मावशीला आत घेतली का नाही?"

नलूनं कपाळावर हात मारला. पण हिराबायच्या तोंडाला हसू फुटलं. "तुला गान्यात तेवढंच दिसतं."

"मला तेवढंच कळतं."

"सांगते. पन मागं कोन धरील? धवला एकटीचा नसतो."

"मी धरते," सस्तेबाई म्हणाल्या.

नलूनं माझा हात घट्ट पकडला. हिराबायला कल्पना नसावी. तिनं पहिली ओळ म्हटली, आणि सस्तेबाईंनी पान गालात सारून, छाती भरून घेऊन ती उचलली. आंब्यावरचे दोन कावळे उडाले, हे मी अगदी शपथेवर सांगते.

"थांब, थांब," हिराबाय कळवळून म्हणाली. "हे काय बाय? तू गाऊ नको. नुसती बोल."

"नुसती बोलू?"

"नुसती बोल. सबुद धर, बस. सूर मी बघते."

आणि मग तसं झालं. हिराबाय ओळ गायची, आणि सस्तेबाई तीच ओळ साध्या आवाजात म्हणायच्या, डॉक्टरनं सांगितलेलं औषध पेशंटला पुन्हा समजावून सांगावं तशी. "मांडवाच्या दारी कोण उभी. नवरीची मावशी उभी." सुरुवातीला मला इतकं हसू येत होतं की मी झाडाच्या पलीकडे तोंड केलं. थोड्या वेळानं मात्र हसू कुठे गेलं कळलं नाही. प्रत्येक ओळ आधी गाण्यातून यायची आणि मग माणसाच्या तोंडून, आणि दुसऱ्यांदा ऐकताना ती खरी घडल्यासारखी वाटायची.

मांडव ओस पडला असं सांगितलं तर छान वाटेल, पण तसं काही झालं नाही. मांडवात ठाकरांचा नाच रंगला होता आणि तो सोडून कोण येणार? पंचवीस-तीस बायका आल्या असतील, आधी तीन, मग पाच, मग गटागटानं. ढोलापायी ऐकू येईना म्हणून अगदी चिकटून बसल्या. घंटीवाले गृहस्थही काय चाललंय ते पाहायला आले. "अहो बाई, कार्यक्रम तिकडे आहे," असं त्यांनी सुरू केलं. सस्तेबाईंनी मान न वळवता एक हात वर केला. बाळंतिणीच्या खोलीत डोकावणाऱ्या नवऱ्यांसाठी राखून ठेवलेला तो हात होता. गृहस्थ जागच्या जागी खाली बसले, आणि शेवटपर्यंत बसून राहिले, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

गाण्यात पेच मोठा होता. नवरी म्हणते, मावशी आत आल्याशिवाय हळद लावून घेणार नाही. मावशी म्हणते, बोलावण्यावाचून उंबरा ओलांडणार नाही. आई मावशीच्या या हट्टावर रुसलेली आहे, ती बोलवायला जाणार नाही. हळद लागायच्या नवरीला मांडवाबाहेर पाऊल टाकता येत नाही. कडव्यामागून कडवी सगळे एकमेकांना विनवतात आणि कुणीच हलत नाही. सस्तेबाईंचा जीव टांगणीला लागलेला स्पष्ट दिसत होता. ओळी म्हणताना त्या पुढे पुढे सरकत होत्या. शेवटी नवरीचा बाप उठतो. तो ना मावशीला काही म्हणतो, ना बायकोला. तो मांडवाचा दाराकडचा खांब उपटतो, दहा पावलं पुढे नेऊन रोवतो, वर डहाळ्या टाकतो. मावशी उभी होती तिथेच उभी, आणि मांडवाच्या आत.

"खांब पुढं रोविला," हिराबाय गायली.

झील आली नाही.

सगळ्या बायका सस्तेबाईंकडे बघायला लागल्या. त्या हिराबायकडे बघत होत्या.

"असं केलं त्यानं?" त्या म्हणाल्या. "हे... हे बरं केलं हो."

"शिस्टर, सबुद धर," हिराबाय म्हणाली.

"खांब पुढं रोविला," सस्तेबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फाटला.

परतताना चौकला टेंपोतून उतरल्यावर त्या म्हणाल्या, "शहाणा माणूस होता तो." कोण, हे आम्ही विचारलं नाही.

त्यानंतर बाईंना एक नवीनच काम लागलं. हिराबाय पुन्हा लग्नं गाऊ लागली, आणि तिच्या मागे झील 'बोलायला' सस्तेबाई रजा टाकून जाऊ लागल्या. नलूनं चाली उचलल्या, तिचा गळा हिराबायला पसंतही पडला. पण गावच्या बायकांनीच सांगितलं, "तुमी गोड गाता ताई, पन शिस्टरबाय बोलतात ते समजतं." नलू आठवडाभर माझ्याशी या विषयावर बोलली नाही. एका लग्नात मी पाहिलंय बाईंना, हळदीनं माखलेल्या, घामानं डबडबलेल्या, हिराबायच्या खांद्याला खांदा लावून उभ्या. वरमाय उगाच अडून बसली, तेव्हा गाणं थांबवून त्यांनी तिला दोन शब्द सुनावले आणि पुन्हा ओळीवर आल्या. हिराबाय तोवर शांतपणे वाट पाहत होती. चार-पाच वर्षं चाललं हे. मग एका उन्हाळ्यात हिराबाय आपल्या घरीच वारली, ओट्यावर, आणि बाई शेवटचे तीन दिवस तिच्याजवळ बसून होत्या. काय केलंत तीन दिवस, असं मी विचारलं. "काही नाही," त्या म्हणाल्या.

ऐंशीनंतर त्या निवृत्त झाल्या आणि भावाकडे राहायला फलटणला जायचं ठरलं. निरोप समारंभ वगैरे त्यांनी करू दिला नाही. कर्जतच्या स्टँडवर सकाळच्या पुण्याच्या गाडीला आम्ही दोघीच पोचवायला गेलो. खिडकीजवळची जागा मिळावी म्हणून नलूनं आधीच आत चढून रुमाल टाकून ठेवला होता. बाई चढल्या. आम्ही खाली खिडकीशी येऊन उभ्या राहिलो, डोळे भरून आलेले, काय काय बोलायचं ते मनात जुळवलेलं.

खिडकीत दुसरीच बाई होती. वीस-बावीस वर्षांची, आम्हाला अनोळखी, सात-आठ महिन्यांची गरोदर. आतून सस्तेबाईंचा आवाज येत होता, कंडक्टरला, की गाडी घाटात सावकाश घ्यायला सांग ड्रायव्हरला, आणि त्या बाईच्या नवऱ्याला, की तू उभा राहा, तुला काय झालंय. गाडी सुरू झाली. आम्ही हात हलवत राहिलो. त्या अनोळखी मुलीला वाटलं, आम्ही तिलाच निरोप देतोय. तिनं लाजत लाजत आम्हाला हात केला. तिच्या खांद्यामागे एक पांढरा पदर आणि बोट रोखलेला एक हात, एवढंच दिसलं, आणि गाडी वळणावर गेली.